पोरांच्या रॉकेटला दहा एकर द्या

२२ सप्टेंबर २०२० रोजी नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्रावर अर्जुन रणगाड्यातून लेसरच्या मार्गदर्शनावर जाणारं क्षेपणास्त्र सुटलं आणि ३ किलोमीटरवरच्या लक्ष्यावर जाऊन बसलं. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये, सैनिकाला उचलून नेता येईल असं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रही याच जिल्ह्यात उडवून पाहिलं होतं. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था नगरला. चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा नगरला. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये ओतली, तीसुद्धा नगरलाच. दारूगोळ्याशी इतकं जुनं नातं असलेले जिल्हे महाराष्ट्रात फार नाहीत.

आणि याच जिल्ह्यातल्या नववीतल्या मुलीने कागदाच्या नळीचं, पुठ्ठ्याच्या पंखांचं, आत पॅराशूट घडी करून ठेवलेलं हातभर रॉकेट तयार केलं, तर ते सोडायला नेमून दिलेली जागा नाही. जागा नाही, दिवस ठरलेला नाही, देखरेख करणारा माणूस नाही, आणि ‘असं असं कर’ म्हणून तिच्या हातात ठेवायला एक पानी नियमावलीही नाही.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. दहावीच्या पहिल्या भागातला शेवटचा धडा ‘अवकाश मोहिमा’. म्हणजे दोन वर्षांत आपण या मुलांना न्यूटनच्या तिसऱ्या नियमापासून उपग्रहाच्या कक्षेपर्यंत नेतो. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, हे त्यांना पाठ असतं. पण तीस मीटर वर जाणारी एक नळी त्यांनी स्वतः बनवून स्वतः उडवलेली नसते. मार्क मिळतात, विज्ञान मिळत नाही. याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो, कारण हे दुरुस्त करणं अवघड नाही.

जागा म्हटली की शहरातल्या माणसाला पहिली बाग आठवते. सिद्धीबाग, गंगा उद्यान, महालक्ष्मी उद्यान. बागेत मुलं असतात, मोकळं आकाश असतं, मग तिथेच सोडू. मी या हौसेच्या बाजूने आहे, म्हणूनच सांगतो: बागेत नको.

हिशोब करून बघा. छंदाच्या रॉकेटच्या मोटरी ताकदीप्रमाणे ए, बी, सी अशा चढत्या वर्गांत येतात. प्रत्येक वर्गाची कमाल ताकद आधीच्या वर्गाच्या दुप्पट. सी वर्गाची मोटर लावलेलं हलकं रॉकेट ३०० मीटरच्या आसपास जातं. तिथे पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला ४ मीटर या वेगाने उतरू लागलं, तर खाली यायला ७५ सेकंद लागतात. वारा अगदी मंद, सेकंदाला ३ मीटर धरा. त्या ७५ सेकंदांत रॉकेट २२५ मीटर वाहत जातं. म्हणजे बागेच्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर, एखाद्या दुचाकीस्वाराच्या समोर किंवा विजेच्या तारांवर. आणि तारेवर अडकलेलं रॉकेट काढायला पोरगं काठी घेऊन वर चढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वाडिया पार्कचं मैदान मोठं आहे, पण त्याच्याही चहूबाजूंनी शहर आहे.

अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संघटना १९५७ पासून हा छंद सांभाळते. तिच्या सुरक्षा नियमांत मोटरीच्या वर्गानुसार मैदानाची किमान बाजू ठरवलेली आहे: ए वर्गाला १०० फूट, बी वर्गाला २००, सी वर्गाला ४००. आपल्या मापात बोलायचं तर बी वर्गाला साधारण ३७ गुंठे आणि सी वर्गाला पावणेचार एकरांच्या आत-बाहेर. हे किमान झालं. थोडी सैल जागा धरून मी दहा एकर मागतो, आणि रॉकेट वाहत गेलं तरी पडायला भोवती मोकळा माळ हवा. माळरानं आणि गायरानं असलेल्या जिल्ह्यात दहा एकर ही मोठी मागणी नाही.

हा छंद जन्मला कसा, तेही या निमित्ताने समजून घ्यायला हवं. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं. आतषबाजीचा त्यांना नाद. १९५४ च्या सुमाराला त्यांनी भावाच्या मदतीने कागद आणि हलक्या लाकडाचं, पॅराशूटने परत येणारं रॉकेट बनवलं. तिकडे व्हाइट सँड्सच्या लष्करी चाचणीक्षेत्रावर काम करणारे हॅरी स्टाइन यांना एक काळजी लागली होती. रॉकेटच्या वेडाने पछाडलेली मुलं घरात रसायनं कुटत होती आणि त्यात बोटं, डोळे, कधी जीवही जात होते. कार्लाइल यांनी १९५७ मध्ये आपले नमुने त्यांना पाठवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक उडालं आणि पोरांचं वेड आणखी वाढलं. १९५८ च्या सुमाराला डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टेस यांनी अशा रॉकेटच्या मोटरी यंत्रावर बनवायला सुरुवात केली. सगळ्या मोटरी सारख्या, सीलबंद, एकदा वापरून टाकून द्यायच्या.

या गोष्टीचा गाभा एवढाच: मूल आणि दारू यांच्या मध्ये कारखाना उभा राहिला. मुलाने नळी कापायची, पंख चिकटवायचे, तोल साधायचा, पॅराशूट शिवायचं. दारूला हात लावायचा नाही. छंदावर बंदी घातली असती तर घराघरांत कुटाकूट चालूच राहिली असती. त्यांनी छंदाला वाट करून दिली, आणि धोका त्या वाटेबाहेर ठेवला.

‘पोरं हात भाजून घेतील’ म्हणणाऱ्यांनी आपली दिवाळी आठवावी. रिकाम्या बाटलीत काडीचं रॉकेट उभं करायचं, उदबत्तीने वात पेटवायची आणि पळायचं. पेटवणारा हात वातीपासून वीतभर अंतरावर. रॉकेट सुटताना बाटली कलंडली तर ते समोरच्या गॅलरीत. परत सावकाश आणणारं पॅराशूट नाही, दिशा देणारी सळई नाही, लहान मुलाला किती लांब उभं करायचं याचा दंडक नाही. हे आपण गल्लीबोळांत, गाड्यांच्या रांगांमध्ये, वर्षानुवर्षं चालवून घेतो.

आता छंदाचं रॉकेट बघा. ते सळईवरून सुटतं. सळई उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. पेटवायचं ते विजेच्या तारेने, किमान १५ फुटांवरून, तेही किल्ली लावल्याशिवाय प्रवाह जात नाही अशा पेटीतून. उलटी गिनती मोठ्याने करायची. पेटलं नाही तर किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट कोणीही पुढे जायचं नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला तर त्या दिवशी रॉकेट पेटीत. सळईखालचं वाळलं गवत आधी साफ करायचं. यातला एकही नियम दहा वर्षांच्या मुलाला न समजणारा नाही. उलट, नियम पाळला म्हणजे मजा वाढते, हा अनुभव मुलांना देणाऱ्या गोष्टी आपल्याकडे कमी आहेत. ही त्यातली एक आहे.

नगर जिल्ह्याला या शिस्तीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. के. के. रेंजच्या कडेच्या गावांमध्ये सरावात न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलले गेले आणि ते उघडताना माणसं मेली आहेत. पितळ आणि तांब्याच्या चार पैशांसाठी घरातली तरणी मुलं गेली. गोळा न फुटता पडला म्हणजे तो मेला असं नसतं, ही समज सूचनाफलकाने येत नाही. न पेटलेल्या रॉकेटपासून एक मिनिट लांब थांबण्याची सवय ज्या मुलाला शाळेत लागली, त्याला न फुटलेल्या गोळ्यापासून लांब राहणं वेगळं शिकवावं लागणार नाही. जीव वाचवणारं शिक्षण म्हणून तरी याकडे बघा.

इतिहासाकडेही बघू. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेठच्या झाडीत इंग्रज सेनाधिकारी आर्थर वेलस्ली म्हैसूरच्या बाणांच्या, म्हणजे त्या काळच्या रॉकेटच्या, आणि बंदुकांच्या माऱ्यात सापडला आणि त्याला मागे हटावं लागलं. टिपूच्या या बाणांना लोखंडाची नळी होती, त्यामुळे ते युरोपातल्या कागदी नळीच्या बाणांपेक्षा लांब जात. चार वर्षांनी, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, याच वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. मधल्या काळात श्रीरंगपट्टणला हाती लागलेले बाण इंग्लंडला, वुलिचच्या शस्त्रागारात पोचले होते. तिथे विल्यम काँग्रीव्ह याने ते तपासले, बदलले, मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा उडवले, अंतरं मोजली, नोंदी केल्या. काही वर्षांतच काँग्रीव्हची रॉकेटं युरोपभर लढायांत दिसू लागली.

बाण आपल्या मुलखातले, नाव त्याचं. कारण त्याच्याकडे मोजायला मैदान होतं आणि मोजलेलं लिहून ठेवायची शिस्त होती. ज्याच्याकडे चाचणीची जागा असते, विद्या त्याच्या घरी राहायला जाते. लष्करासाठी हे आपल्याला पटलंय, म्हणून के. के. रेंज आहे. शाळेसाठी अजून पटलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांची कुवत नाही असं कोणी म्हणू नये. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने कक्षेत नेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून शाळकरी मुलांनी बनवलेले १०० चिमुकले उपग्रह हेलियमच्या फुग्यांनी आकाशात सोडले, त्यात महाराष्ट्रातली मुलंही होती. महाविद्यालयीन मुलांसाठी इन-स्पेस ही केंद्राची संस्था आता मॉडेल रॉकेटच्या स्पर्धा घेते. २०२५ मध्ये त्यासाठी देशभरातले संघ उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात गेले.

वरच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरीच नाही. पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या मुलीने रॉकेट बघायला रामेश्वरम गाठायचं, ही व्यवस्था तिच्यासाठी केलेली नाही. ज्यांच्या घरी प्रवासाचे पैसे आहेत त्यांच्यासाठी ती आहे.

कायद्याचं काय? मोटरमध्ये दारू आहे, म्हणून १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम आड येणार, आणि ते यायलाच हवेत. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. पण या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. शाळांच्या रॉकेटसाठी ठरावीक ताकदीपर्यंतच्या, कारखान्यात बनलेल्या सीलबंद मोटरींचा वेगळा, सोपा वर्ग करा, अशी मागणी आपल्या खासदारांनी आणि आमदारांनी तिथे नेता येईल. सरकारने मनात आणलं की सोपं करता येतं, हे ड्रोनच्या बाबतीत दिसलं आहे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ अर्जांचे ५ केले आणि ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत उडवायला परवानगीही लागत नाही. लाखाचं ड्रोन उडवणाऱ्याला एवढी मोकळीक मिळते, तर कागदाची नळी उडवणाऱ्या पोराला निदान एक पान नियम मिळायला हवेत.

तोवर थांबायचं का? अजिबात नाही. पाण्याचं रॉकेट उद्या सकाळी सुरू करता येतं, आणि त्यात दारूचा कणही नसतो. शीतपेयाची लिटरची बाटली घ्यायची. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, ती घ्यायची नाही. एक तृतीयांश पाणी भरायचं, रबरी बुचात सायकलचा व्हॉल्व्ह घट्ट बसवायचा, बाटली उलटी उभी करायची आणि लांब नळीच्या पंपाने हवा भरत जायचं. दाब पुरेसा झाला की बूच सुटतं, पाणी खाली आणि बाटली वर. डोळ्यांना चष्मा, मुलं पाच-सात मीटर लांब, पंप शिक्षकाच्या हातात. चरा पडलेली, दबलेली बाटली पुन्हा वापरायची नाही.

हे शाळेच्या मैदानावर होतं. आणि त्यातून जे शिकायला मिळतं त्याला प्रयोगशाळेतली बाकं पुरत नाहीत. पाणी जास्त भरलं तर बाटली जड होऊन खालीच राहते. पाणीच नसेल तर फुस्स होऊन थोडीच उडते. मधलं योग्य प्रमाण मुलांनीच शोधायचं. पंख लावून झाले की, उडवायच्या आधी, सुतळी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवून बघायचं: नाक पुढे ठेवून फिरलं तर उडतानाही सरळ जाईल, उलटं-सुलटं झालं तर नाकात थोडं वजन घालायचं किंवा पंख मोठे करायचे. किती उंच गेलं? ठरावीक अंतरावर उभं राहून कोनमापक आणि ओळंब्याने उन्नत कोन मोजायचा, त्रिकोणमितीने उंची काढायची. ‘हे गणित आयुष्यात कुठे उपयोगी पडतं?’ असं विचारणारा दहावीचा मुलगा त्या दिवशी स्वतःहून वही उघडतो.

आता मागण्या, सरळ आणि मोजक्या.

एक. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि महापालिका यांनी मिळून दहा एकरांची एक मोकळी सरकारी जागा वर्षातून काही रविवारांसाठी नेमून द्यावी. ती काकडीच्या विमानतळापासून लांब असावी, लष्करी हद्दीपासून लांब असावी. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य, माळढोकाचं क्षेत्र आणि जायकवाडीच्या पाण्याकाठचे पक्षी यांना तिचा त्रास नसावा. कवड्या डोंगरासारख्या ठिकाणी पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, तिथला वारा या कामाचा नाही. दसरा ते संक्रांत या काळातली सकाळ चांगली. शेजारी ज्वारी उभी असेल तर तिच्यापासून अंतर आणि पाण्याचा टँकर जवळ.

दोन. देखरेखीला माजी सैनिक घ्यावेत. या जिल्ह्यात ते भरपूर आहेत, आणि दारूगोळ्याजवळ कसं वागायचं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या शब्दाशिवाय एकही किल्ली फिरता कामा नये.

तीन. प्रत्येक माध्यमिक शाळेत पाण्याच्या रॉकेटचा एक संच आणि एका शिक्षकाचं प्रशिक्षण. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसे ठेवता येतात. अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळांना तर वीस लाखांपर्यंत अनुदान आहे. सायकलचा पंप आणि बाटल्या त्यात बसत नाहीत असं कोणी सांगू नये.

चार. प्रत्येक उड्डाणाची नोंद: वजन, मोटर किंवा दाब, वारा, उंची, पडलेलं ठिकाण. फसलेल्या उड्डाणाची नोंद आधी.

जागेची मागणी पहिली का, तर आपल्या देशात ही विद्या जागेपासूनच सुरू झाली. केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावी विक्रम साराभाईंना जमीन हवी होती, आणि तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा आणि गावकऱ्यांनी होकार दिला. चर्चच्या इमारतीत काम सुरू झालं आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट सुटलं. ते नाइकी-अपाची रॉकेट अमेरिकेकडून आलं होतं. जागा मात्र आपली होती. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, त्याच जागेवरून आपण बनवलेलं रोहिणी रॉकेट उडालं, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचं. गावाने जागा दिली म्हणून पुढचं सगळं घडलं.

नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या गावांनी तोफांच्या सरावासाठी जमिनी दिल्या आहेत, आणि त्या सरावक्षेत्राच्या विस्ताराचं नाव निघालं की तिथल्या शेतकऱ्यांच्या पोटात आजही गोळा येतो. देशासाठी एवढं सोसलेल्या जिल्ह्याने आपल्या पोरांसाठी दहा एकर मागितले तर ते मिळायला हवेत. येत्या २१ नोव्हेंबरला त्या जागेवर जिल्ह्याचा पहिला रॉकेट दिवस व्हावा. पालकांनी हा लेख कापून शाळेत न्यावा, मुख्याध्यापकांनी अर्ज लिहावा, नगरसेवकांनी आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी तो पुढे रेटावा. आणि वर्षभरात काहीच हललं नाही, तर मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच विचारा: आमच्या पोरांचे दहा एकर कुठे आहेत?